ऑक्टोबरातली पानगळ आणि माझ्या चपला

राजापेठ, अमरावती
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय इफ्फतबेगम यांना,

सलाम आणि सप्रेम नमस्कार. शाळेत सिस्टर ऑगस्टांनी पत्राच्या सुरुवातीसाठी पाठ करून घेतलेलं ते प्रकृतीच्या चौकशीचं इंग्रजी वाक्य मी मराठीत लिहून पाहिलं, पण ते इतकं विचित्र दिसलं की खोडून टाकलं. तेव्हा सरळच विचारते. गुडघा कसा आहे? डावा म्हणते आहे मी, उजव्याची चौकशी मागच्या फोनवर झाली. हाजराबींची शुगर उतरली का, की तुझ्या या जाऊबाई अजूनही साखर नको म्हणून चहात गूळ घालून घेतात? तिकडे कॅनडात रय्यानला आणि सूनबाईंना माझे आशीर्वाद कळव. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे मी ठीक नाही, पण ते ओघात येईलच.

पत्र काहून लिहून राहिली म्हणशील. (बघ, आमच्या नणंदबाई, आक्का, चार दिवस घरात राहिल्या की माझी भाषा अशी होते.) हे सगळं व्हॉट्सॅपवर लिहायला घेतलं होतं, पण माझा मजकूर स्क्रीनपेक्षा लांब झाला की तू तो न वाचता नुसता अंगठा पाठवतेस हे मला माहीत आहे. पत्राचं पाकीट निदान फाडावं तरी लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तू कॅनडाला जाऊ नयेस म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. तू जरूर जा. फारुखभाई गेल्यापासून अकोल्यातल्या मोर्णा नदीपलीकडच्या त्या घरात तू एकटी वरच्या मजल्यावर चढतेस आणि एकटी उतरतेस, आणि मुलाकडे कायमचं राहायला जाण्यात वाईट काहीच नाही. डिसेंबरअखेरचं तिकीट निघालं असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी 'छान झालं' म्हणाले की नाही? फोन ठेवल्यावर गॅसवरचं दूध उतू गेलं हे खरं, पण दूध काय, कधीही उतू जातं. माझी तक्रार तुझ्या जाण्याबद्दल नाही. माझी तक्रार त्या फोटोबद्दल आहे.

रय्यानच्या घरासमोरच्या रस्त्याचा तो फोटो. दोन्ही बाजूंना लालभडक झाडं, खाली पिवळ्या पानांचा गालिचा, मध्ये रय्यानची ती गाडी. तो तू मला पाठवलास, मी तोंड भरून कौतुक केलं, आणि त्यावर तू म्हणालीस, "इथं आहे काय साधना? हिरवं, नाहीतर वाळलेलं. बीच का कुछ नहीं." इफ्फत, वऱ्हाडाबद्दल असं बोलायचा हक्क पुण्याच्या माणसांना आहे. तुला नाही. मला रात्रभर ते वाक्य चावत राहिलं, आणि सकाळी चहा गाळताना मी ठरवलं की वऱ्हाडातली लाल पानगळ शोधून काढायची, तिच्यात तंबू ठोकून राहायचं, आणि तिचा फोटो तुला पाठवायचा. थांबवायला नव्हे. माहितीसाठी.

आता यात माझा दोष किती आणि आपल्या शाळेचा किती, हे तूच ठरव. तुला तो चार ऋतूंचा तक्ता आठवतो ना, फळ्याच्या डाव्या अंगाला टांगलेला? हिवाळ्यात बर्फाचा माणूस, वसंतात कोकरू, आणि ऑक्टोबरच्या खान्यात लाल-पिवळी पानं गळणारं झाड. बाहेर अकोल्याचं ऊन असं की पाटीची लाकडी चौकट तडकावी, आणि आत आपण त्या बर्फाच्या माणसाला मफलर रंगवतो आहोत. दर ऑक्टोबरात सिस्टर ऑगस्टा पानं गोळा करून आणायला सांगायच्या, आणि मैदानात होता एकच कडुनिंब, तोही हिरवागार. मग आपण त्याची पानं तोडून आणायचो आणि पोस्टर कलरनं लाल करायचो. तू रंगवलेली फांदी तक्त्याशेजारी लावली होती आणि माझी नाही, याचा मला तेव्हा त्रास झाला होता. पण सांगायचा मुद्दा असा की ऑक्टोबर म्हणजे पानगळ हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की पुढे संसार अमरावतीत केला, सासर दर्यापूरकडचं शेतीवाडीचं मिळालं, इतके ऑक्टोबर खिडकीतून पाहिले, तरी एकदाही वाटलं नाही की बाहेर तर सगळं हिरवं आहे. वाटलं असेल तर हेच, की झाडांचं चुकतं आहे.

(शाळेचा विषय निघालाच आहे तर, शाळा सुटल्यावरची आपली फेरी आठवते का तुला? मी देवळात जायची आणि तू पायरीशी माझ्या चपला धरून उभी. मग दर्ग्यात तू आत आणि मी बाहेर, तुझ्या चपला छातीशी धरून, जणू त्या सोन्याच्या आहेत. तू आत जास्त वेळ लावायचीस. काय मागत होतीस कोण जाणे. पण आजवर आपल्या दोघींच्या चपला कुठेही गेल्या नाहीत. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.)

तर मी शोधलं. चिखलदऱ्याच्या अलीकडे, घाटात, तंबूत राहायची सोय आहे अशी जाहिरात फोनवर सापडली. जाहिरातीत लाल झाडं होती. फोन केला तर श्याम नावाच्या तिथल्या व्यवस्थापकानं मला मॅडम मॅडम करत सांगितलं की सध्या फुल ऑटम चालू आहे. मी लगेच नाव नोंदवलं. तुझे किशोरभाऊजी, म्हणजे आमचे हे, बाजूला पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, "पानगळ? आता?" असं विचारलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. ही खूण मी ओळखायला हवी होती.

आम्ही दोघंच जाणार होतो. पण निघायच्या आदल्या दिवशी गावाहून आमच्या मोठ्या नणंदबाई, मनकर्णाबाई, आल्या. आक्का कधी कळवून येत नाहीत, आणि आल्या की कुठे निघालात विचारून पिशवी खाली न ठेवता तशाच आपल्याबरोबर निघतात. तंबूत राहायचं म्हटल्यावर त्यांना ही एखादी जत्रा वाटली. त्यांनी भाकरी, ठेचा, कांदे, एक तवा आणि माझा नवा चादरींचा जोड बांधून घेतला, आणि परतवाड्याला गाडी थांबवून तुळशीच्या लग्नासाठी हळदीचे आणि कुंकवाचे पुडे घेतले, गावातल्या सगळ्या आळीला पुरतील एवढे. तेव्हा मला ते लोढणं वाटलं होतं.

घाट सुरू झाला आणि मी काच खाली करून बसले. इफ्फत, हिरव्याचे जितके प्रकार देवाला सुचले असतील तितके मी त्या दिवशी पाहिले. गडद हिरवं, पोपटी हिरवं, शेवाळी हिरवं, आणि वळणावळणाला थाळीएवढाल्या पानांचा साग, तोही हिरवा. प्रत्येक वळणाला मी म्हणत होते, वर गेल्यावर असेल. वर गेलो. वर गवत होतं, पुरुषभर उंच आणि हिरवं. श्याम हात जोडून सामोरा आला, तर मी नमस्कारही न घेता विचारलं, की लाल झाडं कुठल्या बाजूला आहेत. तो म्हणाला, "मॅडम, ते फिल्टर आहे." मला वाटलं एखाद्या टेकडीचं नाव असेल. नव्हतं.

मी भाऊजींकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "सागाचे पानं माघ-फाल्गुनात झडते. मले वाटलं तुले मालूम असन." मी विचारलं, मग आधी का नाही बोललात? तर म्हणतात, "तू इंग्रजीत ठरवलं होतं. मंग मी काय बोलू?" एवढा संसार झाला आमचा, आणि मी जे इंग्रजीत ठरवते त्यात हा माणूस बोलत नाही हे मला त्या दिवशी कळलं. आता घरातल्या आणखी कोणकोणत्या गोष्टी मी इंग्रजीत ठरवल्या होत्या ते आठवून झोप लागत नाही.

दुपारच्या जेवणानंतर भाऊजी तंबूत ठेवलेल्या झोपायच्या पिशवीत, म्हणजे स्लीपिंग बॅगमध्ये, पाहू तरी कसं वाटतं म्हणून शिरले आणि चेन गळ्यापाशी अडकली. फक्त डोकं बाहेर आणि बाकी सगळे आत. श्यामनं तेल आणलं, मी नेलकटर आणलं, आणि आक्का शेजारी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या तसाच. दोरी बांधा, सोमवारी मंडीत नेऊ, चांगल्या भावात जाईन." भाऊजी आतून हसत होते, त्यामुळे चेन आणखी घट्ट बसली. शेवटी पिशवी कापावी लागली. मला मात्र हसू आलं नाही. मी बाहेर जाऊन एका लहानशा सागाखाली दगडावर बसले आणि विचार करू लागले की आता तुला काय पाठवायचं. हिरवं? ते तर तू आधीच म्हणाली होतीस.

आक्का मागून आल्या. काय झालं म्हणून विचारलं तर मला एकदम रडूच कोसळलं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं, फोटोचं, लाल झाडांचं, तुझ्या तिकिटाचं. त्या ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात, ही त्यांची पद्धत. "तुले लाल पाहिजे न?" हो म्हटलं. "मंग रडून काहून राहिली, लाल करू न." आणि पिशवीतून पुडे काढले.

तू हसशील, पण त्या क्षणी मला ते अगदी योग्य वाटलं. आपण शाळेत दुसरं काय करत होतो? आम्ही दोघींनी बादलीत हळद कालवली, तांब्यात कुंकू कालवलं, आणि त्या लहान सागाची हाताला येतील तेवढी सगळी पानं रंगवली. आक्का पिवळी, मी लाल. मी तर शिरांच्या कडेनं पिवळं सोडून मध्ये लाल असं, अगदी तुझ्या फांदीसारखं रंगवलं. सूर्य मावळतीला आला आणि झाड असं दिसायला लागलं की मला वाटलं, आता ही फांदी सिस्टर ऑगस्टा नक्की लावतील. पण फोटो काढायला उजेड अपुरा होता. म्हटलं, सकाळच्या उन्हात काढू. ही माझी चूक नंबर दोन. (नंबर एक म्हणजे जाणं.)

सकाळी माणसांच्या आवाजानं जाग आली. तंबूची चेन उघडून पाहते तो झाडासमोर पंधरा-वीस माणसं हात जोडून उभी. शेजारच्या तंबूंत आदल्या रात्री अकोल्याचं एक मोठं कुटुंब उतरलं होतं. त्यांच्यातल्या काकू पहाटे तोंड धुवायला निघाल्या आणि त्यांना जंगलात, एकट्या झाडाला, पानापानाला हळद-कुंकू वाहिलेलं दिसलं. आता तूच सांग, आपल्याकडे हळद-कुंकू लागलेल्या झाडासमोरून कोणी नुसतं पुढे जातं का? त्यांनी नमस्कार केला. मग त्यांच्या सुनेनं केला. मग रस्त्यावरच्या दोन गाड्या थांबल्या. मी पोहोचले तोवर बुंध्याशी नारळ फुटला होता, खालच्या फांदीला खण बांधला होता, आणि काकू नव्या येणाऱ्यांना माहिती देत होत्या की हे फार जुनं ठाणं आहे, त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं. बाजूच्या पाड्यावरच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन चालल्या होत्या. त्या थोडा वेळ थांबल्या, झाडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत निघून गेल्या.

मी खरं सांगायचा प्रयत्न केला, अगदी देवाशपथ. मी काकूंना म्हणाले, अहो, हे काल मीच रंगवलं आहे, फोटोसाठी. काकूंनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. म्हणाल्या, "बाई, तुम्ही कॉन्व्हेंटच्या दिसता. काल तुमच्या हातानं कोनं करवून घेतलं, ते तुमाले नाही समजनार." यावर तुला काही उत्तर सुचतं का? श्यामनं तोवर 'चपला येथे काढाव्यात' अशी पाटीसुद्धा लावली होती. आणि रांगेत चौथ्या नंबरला कोण उभं होतं? तुझे किशोरभाऊजी, हातात नारळ घेऊन. मी त्यांना बाजूला ओढून विचारलं, तुम्ही तर मला रंगवताना पाहिलं होतं. ते म्हणाले, "पाहिलं न. पण आक्कानं रांगेत उभं केलं." आक्का पुढे बसून खोबऱ्याचा प्रसाद वाटत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही अपराधी भावना नव्हती.

फोटोचं तर विचारूच नकोस. जिथे कॅमेरा धरावा तिथे कोणाचं तरी डोकं, कोणाची तरी ओटी, नाहीतर उदबत्तीचा धूर. आणि मग इफ्फत, मला कळलंही नाही आणि मीसुद्धा रांगेत उभी होते. चपला काढल्या, पाटीखाली ठेवल्या (तू ईदला दिलेल्या त्या, मऊ तळव्याच्या), पुढे गेले, आणि आदल्या दिवशी आपणच रंगवलेल्या झाडासमोर डोळे मिटून जे मागायचं ते मागितलं. काय मागितलं ते सांगत नाही. नवस सांगायचा नसतो. डोळे उघडले तर समोर माझंच एक पान, मध्ये लाल आणि कडेनं पिवळं. फार नीट जमलं होतं.

मागे वळले तर चपला नव्हत्या. बाकी सगळ्यांच्या होत्या, काकूंच्या फाटक्या अंगठ्याच्यासुद्धा होत्या. माझ्याच नव्हत्या. मी स्वतः तयार केलेल्या देवाच्या दारात माझ्या चपला चोरीला गेल्या. भाऊजींनी सगळीकडे पाहिलं, श्यामनं तंबू शोधले, आक्का म्हणाल्या की चपला जाणं शुभ असते, पीडा जाते. पण मी तिथे अनवाणी उभी राहिले आणि मला त्या गर्दीत एकच गोष्ट दिसत होती, की पायरीशी कोणी उभं नाही. मला इतकं एकटं माझे बाबूजी गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि कारण काय, तर चपला.

दुपारी एक सर आली, परतीच्या पावसाची, बोटभर लांबीची. झाडावरची हळद वाहिली, कुंकू वाहिलं, बुंध्याशी लाल चिखल झाला. काकूंनी तो अंगारा म्हणून डबीत भरून घेतला. सर थांबली तेव्हा साग जसा होता तसा हिरवागार उभा होता आणि माणसं पांगली होती. मी कापलेल्या झोपायच्या पिशवीच्या चिंध्या पायांना गुंडाळून गाडीत बसले. फोटो एकही नाही. सर्दी मात्र आहे.

तर अशी ही हकिकत. वऱ्हाडात लाल पानगळ नाही, तुझं म्हणणं बरोबर ठरलं, आणि मी हरले. तू निश्चिंत मनानं जा. तिकडे थंडी असते, तेव्हा गुडघ्यांना लोकरीचं काहीतरी घे. मी इथे ठीक राहीन, माणूस सगळ्याला सरावतो, दूध कमी घेते आहे.

हाजराबींना सलाम, रय्यानच्या मुलांना पापे.

तुझी,
साधना

ता. क. पाकिटात सागाचं एक पान आहे, ते फेकू नकोस. रांगेत असताना शेजारच्या फुटव्याचं एक कोवळं पान मी अस्वस्थपणे चुरगाळत होते. घरी आल्यावर हाताचं कुंकू साबणानं गेलं, पण बोटांवरचा लाल रंग जाईना. मग बरोबर आलेल्या त्याच पानाचा एक कोपरा चुरगाळून पाहिला, उरलेलं पाकिटात घातलं आहे. इफ्फत, तो रंग पानातलाच होता. बाहेरून पूर्ण हिरवं. पत्राच्या कडेला जे डाग पडले आहेत ते त्याचेच, रक्त समजून घाबरू नकोस. तू म्हणाली होतीस ना, मधलं काही नाही म्हणून? ही केवळ माहिती आहे.

ता. क. हे पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलं. ऐकून ते फक्त एवढंच म्हणाले, "इफ्फतबाईले म्हना, तिकिटाची तारीख बदलता येते. सागाची नाही येत." मी तुला फक्त त्यांचा निरोप कळवते आहे. फाल्गुन म्हणजे मार्चच्या सुमारास येतो. तोवर थांबलीस तर पळसही फुललेला असेल, आणि पळस पाहून लगेच निघायचं तर पुढे आंब्यांचे दिवस आहेत, आणि आंबे सोडून कोणी जातं का?

ता. क. नवस काय बोलले ते सांगायचं नसतं, पण तो फेडायचा कसा ते सांगायला हरकत नाही. त्याच झाडापाशी, पानं गळताना, दोघींनी जायचं आहे. मी तसंच बोलून बसले, आता माझा इलाज नाही. तू हात जोडायचे नाहीत, तुझ्यावर ती सक्ती मुळीच नाही. तू फक्त बाहेर उभं राहून माझ्या चपला धरायच्या. नव्या अजून घेतलेल्या नाहीत. तू येते म्हणालीस की घेते.